नाश आणि नासाडी : कलामहोत्सवांच्या पर्यावरणनीतीचा प्रश्न

मराठी समीक्षेने कलाकृतीचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका ती कलाकृती ज्या प्रसंगी आणि ज्या जागी लोकांसमोर येते त्या प्रसंगाचा आणि जागेचा केलेला नाही. संमेलने, संगीत महोत्सव, जत्रेतील नाटके हे वृत्तांताचे विषय मानले गेले. फार तर वाङ्मयीन समाजशास्त्राच्या एखाद्या टिपणात त्यांना जागा मिळाली. यामागे एक तात्त्विक कारण आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने कलाकृतीच्या स्वायत्ततेची जी कल्पना येथे दृढ केली, तिच्या कक्षेत कलाकृतीची अंतर्गत संघटना येते. कलाकृती दाखवण्यासाठी उभारलेला मांडव येत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण विस्ताराने तपासला. पण तेथेही प्रश्न आहे तो कलानुभवाच्या लौकिकत्वाचा, कलाप्रसंगाच्या लौकिकत्वाचा नव्हे. त्यामुळे महोत्सव संपल्यावर मैदानात उरलेला कचरा, रात्रभर जळालेले डिझेल, तुडवली गेलेली जमीन यांचा हिशेब कलाविचाराच्या बाहेर, नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे सोपवला जातो. ही सोपवणूक समर्थनीय आहे काय?

रससिद्धान्ताच्या परिभाषेत हा प्रश्न अधिक नेमका होतो. व्यवहारात जी कारणे असतात ती नाट्यात विभाव होतात, त्यांचे लौकिकत्व गळून पडते, आणि म्हणूनच शोकाचाही आस्वाद घेता येतो, असे ती परंपरा मानते. परंतु प्रयोगाला लागणाऱ्या सगळ्याच गोष्टींचे असे रूपांतर होत नाही. नटाचे अश्रू अनुभाव होतात. त्याच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाला वीज पुरवणारा जनरेटर काहीच होत नाही. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग मंचावर शाकुंतल चालू असो वा लावणी. कलाप्रसंगात लौकिकाचा एक भाग असा शिल्लक राहतो, की जो कोणताही रस आपल्यात सामावून घेत नाही. अलौकिकतावाद्याला ही जबाबदारी टाळता येईल असे वरकरणी वाटते. वस्तुतः तीच भूमिका घेणाऱ्यावर ती अधिक पडते; कारण नाट्यानुभव या जगाचा नाही असे म्हटले, तर जनरेटर मात्र याच जगाचा आहे हे मान्य करावे लागते.

हा विचार हवेत राहू नये यासाठी एखाद्या ठिकाणी पाय रोवणे इष्ट. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा भिवापूर तालुका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु कलाविचाराच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व वेगळे आहे. पूर्वेला पवनी, दक्षिणेकडे नागभीड, आणि त्यापुढे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा मुलूख, म्हणजे झाडीपट्टी. भिवापूर हा तिचा काठ. शहरी मराठी रंगभूमी आणि झाडीपट्टीची रंगभूमी यांच्या सीमेवर उभे राहून दोघींकडे पाहता येते, अशा थोड्या जागांपैकी ही एक.

दिवाळीच्या सुमारास धान कापले जाते, बांध्या मोकळ्या होतात, आणि गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही या हंगामाची जोडी. (तिच्यातील दिवसाचा भाग २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबला आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या कायद्यांना मान्यता दिल्यावर निर्वेध झाला. बैलाच्या वेदनेचा प्रश्न या न्यायालयीन प्रवासाने मिटला असे समजण्याचे कारण नाही.) नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, तिकिटे विकली जातात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाट्यमंडळांचे केंद्र. तेथून कलावंत, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा असे सगळे घेऊन एकेक मंडळी गावोगाव जाते. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक वाचकांना तिचे अस्तित्व प्रथम कळले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडार यांवर त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिले होते, ही गोष्ट वेगळी.

या रंगभूमीचे जुने भौतिक रूप पाहिले, तर पर्यावरणवाद्याला हेवा वाटावा असे त्यात बरेच आहे. दंडारीला पडदा लागत नव्हता. गावचा चौक किंवा झाडाखालची जागा पुरत होती. नाटकाला कापणी झालेले शेत, बांबू, तणीस, आणि कंदील किंवा गॅसबत्ती. प्रयोग संपला की बांबू पुन्हा गोठ्याच्या कामी, तणीस बैलांपुढे, आणि शेत पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नांगराखाली. भरताने नाट्यमंडपासाठी भूमी निवडताना ती आधी नांगरून घ्यावी, तिच्यातील हाडे, खुंट, खापऱ्या काढून टाकाव्यात असे सांगितले आहे. शास्त्रातला हा विधी झाडीपट्टीत अजाणताच उलट क्रमाने घडत होता: येथे आधी शेत, मग रंगभूमी, मग पुन्हा शेत.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. देशीवादी समीक्षेला अशा चित्राचा मोह पडतो आणि ती लगेच त्याला मूल्याचा दर्जा देऊन मोकळी होते. परंतु कंदिलाच्या उजेडात नाटक करणाऱ्याला विजेचे दिवे परवडत असते, तर त्याने ते नाकारले असते काय? परवडू लागल्यावर त्याने ते नाकारलेले नाहीत, हे या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याला पर्याय नाही त्याच्या काटकसरीला संयम म्हणणे हा नीतिशास्त्रातील कोटिप्रमाद आहे. संयम निवडीतून येतो, टंचाई परिस्थितीतून. दोन्हींचा बाह्य परिणाम सारखा दिसला तरी नैतिक अर्थ एक नाही. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाच्या मिताहाराची वाखाणणी करावी, तसला हा प्रकार होतो.

मग निवडलेल्या संयमाचे उदाहरण कोठे आहे? महाराष्ट्रात ते फैजपूरला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून तिलकनगराची सजावट बांबू आणि तत्सम स्थानिक साहित्यातून, गावच्या कारागिरांचे हात लावून सिद्ध केली. साने गुरुजींसारखे कार्यकर्ते खानदेशात त्यासाठी हिंडले. हा कलामहोत्सव नव्हता हे खरे. पण मोठ्या समुदायाचा तात्पुरता निवास आणि त्याचे दृश्यरूप हा कलेचा प्रश्न आहे, असे तेथे बहुधा प्रथमच स्पष्टपणे मानले गेले. महागडे साहित्य आणता आले असते आणि ते आणले नाही, यात फैजपूरचे नैतिक वजन आहे. त्याच परंपरेच्या जवळ, पण वेगळ्या राजकीय भूमिकेवरून, १९९९ साली धारावीत सुरू झालेले विद्रोही साहित्य संमेलन येते. एक मूठ धान्य आणि एक रुपया या लोकवर्गणीमागचा हेतू पर्यावरणाचा नव्हता, स्वाभिमानाचा होता. पण लोकवर्गणीवर उभा राहिलेला मांडव आपोआप आपल्या ऐपतीएवढा राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही संमेलने भरली, तेव्हा दोन्ही मांडवांचा तौलनिक अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने करावयास हवा होता.

संयमाच्या या बाजूने बोलताना उत्सवाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. उत्सव म्हणजेच उधळण. रोजच्या हिशेबी जगण्यातून एक दिवस बाहेर पडणे हे त्याचे प्राणतत्त्व आहे. मार्सेल मोस याने १९२५ साली देणगीविषयीच्या निबंधात वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील जमातींच्या 'पोटलॅच' या समारंभाचे विवेचन केले. या समारंभात यजमान आपली संपत्ती वाटून टाकतो, प्रसंगी नष्ट करतो. जॉर्ज बाताय याने १९४९ मध्ये त्यावरून असा सिद्धान्त मांडला की प्रत्येक समाजापुढील खरा प्रश्न उत्पादनाचा नसून अतिरिक्त संपत्ती कशी खर्च करावी हा आहे. या विवेचनाला एक जोड द्यावी लागते, आणि ती महत्त्वाची आहे. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून पोटलॅचवर बंदी घातली होती आणि ती १९५१ पर्यंत टिकली. त्या बंदीच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणे ओळखीची आहेत: हे लोक उधळपट्टी करतात, यांना काटकसर शिकवली पाहिजे. पर्यावरणाचे नाव तेव्हा नव्हते. पण दुसऱ्याच्या उत्सवाला वाया घालवणे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही होता.

या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी मराठी भाषेनेच एक भेद तयार ठेवला आहे: नाश आणि नासाडी. नागपूरच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगितली जाते. बांबू आणि कागदाचे हे भव्य पुतळे, त्यांच्याबरोबरचे बडगे, मिरवून शेवटी जाळले जातात. या जाळण्याला कोणी नासाडी म्हणणार नाही. पुतळा केला तोच नाहीसा व्हावा म्हणून. नाश हा तेथे आशयाचा भाग आहे. येथेही धूर होतो हे खरे, आणि तो मोजला पाहिजे. पण त्या धुराला अर्थ आहे. नासाडी म्हणजे अर्थाशिवाय झालेला नाश, किंवा, अधिक काटेकोरपणे बोलायचे तर, ज्यात नष्ट करायचे ते टिकून राहते आणि टिकवायचे ते नष्ट होते अशी स्थिती.

गणेशमूर्तीचा वाद या भेदाच्या उजेडात पाहिला, तर तो केवळ प्रदूषणाचा वाद राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न २०२५ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात पुन:पुन्हा येत राहिला. या चर्चेत मूर्तिकारांची रोजी एका पारड्यात आणि तलावाचे पाणी दुसऱ्या पारड्यात असते. कलाविचाराला तिसरी गोष्ट दिसावयास हवी. विसर्जन म्हणजे रूपाचे मातीत परत जाणे. प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी ती काठाला भग्नावस्थेत पडलेली दिसते. अर्थात ती मूर्ती पर्यावरणाच्या कसोटीवर उतरत नाही त्याआधी ती आपल्याच विधीच्या कसोटीवर उतरत नाही. जे विरावयाचे ते विरत नाही आणि जे राहावयाचे, म्हणजे पाणी, ते बिघडते. नासाडीची वर दिलेली व्याख्या येथे अक्षरशः लागू पडते. फ्लेक्सचेही तसेच. पीव्हीसीचा थर दिलेले हे कापड एका संध्याकाळच्या कार्यक्रमाची जाहिरात करते आणि मग वर्षानुवर्षे कुजत नाही. जाळले तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये सोडते. क्षणिक प्रसंगाला चिरस्थायी पदार्थ वापरणे, ही रूप आणि आशय यांची फारकत आहे. क्षेमेंद्राने ज्याला अनौचित्य म्हटले असते ते हेच.

औचित्याचा विचार पुढे नेला की आकाराचा प्रश्न येतो, आणि बहुतेक महोत्सवांचा खरा रोग तेथे आहे. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानात एका आध्यात्मिक संस्थेने तीन दिवसांचा जागतिक सांस्कृतिक महोत्सव भरवला. राष्ट्रीय हरित लवादाने पाच कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई आकारली. तज्ज्ञ समितीने पूरमैदान पूर्ववत करण्यास तेरा कोटींहून अधिक खर्च आणि सुमारे दहा वर्षे लागतील असे म्हटले. डिसेंबर २०१७ मध्ये लवादाने झालेल्या हानीची जबाबदारी आयोजकांवर निश्चित केली. या प्रकरणाची चर्चा परवानगी होती की नव्हती या अंगाने झाली. परंतु जे नृत्य लाखोंच्या समुदायातील बहुसंख्यांना नर्तकाचा चेहरा न दिसता पाहावे लागते, ते नृत्य त्यांनी पाहिले काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

भरताने तो विचारला आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे तीन आकार आणि तीन प्रमाणे दिली आहेत. त्यांतून मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद एवढेच प्रमाण योग्य ठरवले आहे. याहून मोठा मंडप करू नये. कारण? कारण मंडप मोठा झाला तर पाठ्य विस्वर होते आणि मुखावरील नाना भावांची अभिव्यक्ती अस्पष्ट होते. हात दीड फुटाचा धरला तर हा मंडप सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट भरतो. येथे मर्यादेचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. ती राजाज्ञेतून आलेली नाही, धर्मभयातून नाही, साधनांच्या टंचाईतूनही नाही. ती नटाच्या आवाजातून आणि चेहऱ्यातून आली आहे. पर्यावरणनीती आज कलेला बाहेरून मर्यादा घालते आणि कलावंत ती जुलूम म्हणून सोसतो किंवा चुकवतो. कलेने स्वतःची मर्यादा स्वतः ओळखली असती तर बाहेरच्या मर्यादेपैकी बरीचशी अनावश्यक ठरली असती, असे म्हणावयास जागा आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ध्वनिक्षेपकाने आवाजाची मर्यादा संपवली आहे आणि मोठ्या पडद्याने चेहऱ्याची; तेव्हा चौसष्ट हातांचे प्रमाण आता कशाच्या आधारावर टिकावे? शिवाय झाडीपट्टीचे नाटक स्वतःच ध्वनिक्षेपकावर उभे आहे. हजारोंचा प्रेक्षकवर्ग त्याशिवाय शक्य नाही. आक्षेपाचा पहिला भाग अंशतःच खरा आहे. यंत्राने आवाज पोहोचतो, त्याचे अंतर पोहोचत नाही. मंचाच्या डाव्या कोपऱ्यात कुजबुजणारा नट आणि उजव्या कर्ण्यातून येणारी त्याची कुजबुज यांत एक फट पडते, आणि प्रेक्षक ती सवयीने भरून काढतो. दुसऱ्या भागाला मात्र इतके सहज उत्तर नाही, कारण तेथे कायदा मध्ये येतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य शासनाला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, तीही मध्यरात्रीपर्यंतच, सूट देता येते. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या नियमाखाली आली. म्हणजे ध्वनिक्षेपक बाजूला ठेवून केवळ पेटी-तबल्यावर रात्रभर नाटक करू म्हटले तरी उघड्या शेतात ते नियमाच्या अक्षराबाहेरच राहते. बंदिस्त सभागृह मात्र या निर्बंधातून वगळलेले आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाने (१९५३) आपल्या रात्रभराच्या मैफिली आवरत्या घेतल्या आणि तो टिकला. त्याच्यामागे शहर होते, प्रायोजक होते, सकाळ-संध्याकाळची सत्रे पाडण्याची सोय होती. रात्रीचे राग ऐकण्याची वेळ गेली, हे नुकसान रसिकांनी सोसले. झाडीपट्टीला असा पर्याय नाही. दिवसभराचे काम आणि शंकरपट आटोपून, आसपासच्या गावांतून निघून माणसे रात्री उशिरा जमतात, आणि परतीचा रस्ता जंगलातला असल्याने उजाडेपर्यंत थांबतात. नाटकाची लांबी ही सौंदर्यशास्त्रीय हौस नसून परिस्थितीतून आलेले रूप आहे. नियमाची परिणती अशी की वातानुकूलित सभागृहातला प्रयोग, ज्याला ताशी कितीतरी युनिटे वीज लागते, तो निर्दोष. आणि कापल्या शेतात आकाशाखाली चाललेला प्रयोग सदोष. कायदा घड्याळ पाहतो, प्रमाण पाहत नाही.

प्रवासाचा हिशेबही याच दिशेने बोलतो. पाश्चात्त्य संगीत महोत्सवांच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे की महोत्सवाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा बहुधा प्रेक्षकांच्या ये-जा करण्याचा असतो. ग्लास्टनबरीने २०१९ मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्री बंद केली, त्याचे जगभर कौतुक झाले; पण बाटली हातात धरणारा माणूस तेथवर मोटारीने आलेला असतो, हे त्या कौतुकात झाकले गेले. झाडीपट्टीत तीस-चाळीस माणसांची मंडळी प्रेक्षकांकडे जाते. शहरी महोत्सवात हजारो प्रेक्षक कलावंतांकडे येतात. मंडळीने गावोगाव फिरण्याची ही रीत जुनाट समजली जाते, पण ऊर्जेच्या गणितात तीच पुढारलेली ठरते. भिवापूरवरून जाणारा नागपूर-नागभीड नॅरोगेज मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाला. त्या संथ गाडीची आठवण काढताना हळहळ व्यक्त करणे सोपे आहे, पण बंद पडलेली रेल्वे म्हणजे मंडईला निघालेल्या प्रत्येक कुटुंबामागे एक दुचाकी रस्त्यावर येणे, हेही त्या हळहळीत धरावयास हवे.

तरीही रात्रीच्या आवाजाचा प्रश्न कायद्याच्या विसंगतीवर बोट ठेवून संपत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले आणि भिवापूर तालुक्याचा काही भाग त्यात आहे. शेताच्या धुऱ्यापलीकडे रान आहे, आणि त्या रानातल्या श्रोत्यांनी तिकीट काढलेले नाही. त्यांचा विचार केला की चौसष्ट हातांचे प्रमाण नव्या अर्थाने परत येते: आवाज मांडवापुरता असावा. लहान मांडव, कमी कर्णे, जमिनीकडे झुकवलेले दिवे, यंत्राशिवाय पोहोचणारा संवाद हे सगळे कलेच्याही हिताचे आहे. परंतु हजारांऐवजी पाचशे प्रेक्षक बसले, तर तिकिटांचे उत्पन्न त्याच प्रमाणात घटते, आणि ती तूट पडते हंगामाच्या चार-पाच महिन्यांवर वर्ष काढणाऱ्या नटाच्या, पेटीवाल्याच्या, पडदे ओढणाऱ्या मुलाच्या मजुरीत. शासकीय अनुदान आणि प्रायोजकांचा पैसा आजवर मांडवाच्या आकाराकडे पाहून दिला जातो. मोठा मांडव, मोठी रक्कम. जो महोत्सव स्वतःहून लहान राहतो त्याला त्या लहानपणाची भरपाई मिळावी, अशी तरतूद कोणत्याही सांस्कृतिक धोरणाच्या चर्चेत ठळकपणे आलेली नाही. ती येईपर्यंत वडशाहून निघणाऱ्या मंडळीला आवाज कमी करा असे सांगणे म्हणजे रानाचे देणे नटाच्या खिशातून फेडणे होय.